ऐंशी टक्क्यांवरची गाडी

विजेची गाडी घेतल्यापासून मी तिला एकदाही पूर्ण चार्ज होऊ दिलं नव्हतं.

पूर्ण चार्ज केलं की बॅटरी हळूहळू मरते, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. (एकाच माणसाचे तीन व्हिडिओ. पण माणूस चष्मेवाला होता.) मी कळंबला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं असल्या विषयावर घरात शेवटचा शब्द माझा. ऐंशी टक्के झाले की हातातला चहा ठेवून मी अंगणात जायचो आणि वायर काढायचो.

बायको, रेखा, म्हणायची, "अवो, पोटभर जेवल्यानं कुणी मरतंय का?"

"हळूहळू मरतं," मी म्हणायचो. "वरून दिसत नाही."

"मग अर्धपोटी ठेवल्यानं काय व्हतंय?"

असल्या प्रश्नांना विज्ञानात उत्तर नसतं.

रेखाचं माहेर माकणी. गेल्या उन्हाळ्यात तिच्या भावाला मुलगी झाली आणि बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, म्हणजे रेखानं. ती पोचल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. निघायच्या दिवशी ती म्हणाली, "लांब जायचंय. आज तरी भरू द्या की पूर्ण." मी ऐंशीला वायर काढली. रेखा पुढं, माझी आई मागं, आणि आम्ही निघालो.

धाराशिव मागं पडलं, तोवर सगळं ठीक होतं. माकणी जवळ आली तेव्हा समोर आकडा होता चौतीस. मी तो रेखाला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला. "बघ. पोचून उरंल." आणि त्याच आनंदात धरणाच्या पाण्याकडेनं जाणारा आडरस्ता धरला.

उन्हाळ्यानं पाणी लांब आत गेलं होतं. मागं उरला होता भेगाळलेला गाळ आणि त्यात उभे मेलेल्या बाभळींचे काळे बुंधे. भर दुपार. रस्त्यावर माणूस नाही, जनावर नाही, झाडावर पाखरू बोलत नव्हतं. रस्ता खराब, म्हणून मी गाडी अगदी हळू घेतली. हळू चालवली की ही गाडी एक बारीक सूर काढते. पायी चालणाऱ्याला चाहूल लागावी म्हणून तो दिलेला असतो. कळंबच्या बाजारात तो ऐकूही येत नाही. इथं मात्र बायांनी तोंड मिटून गुणगुणावं तसा तो आमच्या चहूबाजूंनी यायला लागला.

मागून आई म्हणाली, "काच वर कर."

"का गं?"

"कर म्हणते न्हवं. बाया गायल्यात."

मी काच वर करून एसी लावला आणि तिला त्या सुरामागचं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इथं साती आसरा हैत. पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी वर येत्यात. नवी चीज आवडली की थांबवून ठेवत्यात."

मी हसलो. हसता हसता समोर बघितलं, तर चौतीसचे एकोणीस झाले होते.

मला वाटलं उन्हानं नीट दिसत नाही. डोळे पुसले. नऊ. एसी बंद केला. दोन. मग पडद्यावर एक छोटं कासव उगवलं.

"हे कासव कशाला आलंय?" रेखानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. (चार्ज संपत आला, आता गाडी कासवाच्या चालीनं जाणार, असा त्याचा अर्थ, हे नंतर कळलं.) तो गुणगुणणारा सूर खाली खाली गेला, थकल्यासारखा झाला आणि थांबला. गाडीही थांबली. थांबली तिथं रस्त्याकडेला बाभळीखाली दगड मांडले होते, ओळीनं, शेंदूर फासलेले. मी मोजले. सात.

"म्या सांगितलं व्हतं," आई म्हणाली. तेही ओरडून नाही, हळू आवाजात. त्यानंच मला जास्त घाम फुटला.

फोनला रेंज नव्हती. रेखा दार उघडून उतरली. "त्या उंचवट्यापलीकडं रेंज येती का बघते."

"एकटी जाऊ नको."

"मग तुमी जाता का?"

मी म्हणालो, गाडीजवळ कुणीतरी जाणकार पाहिजे. तिनं उन्हासाठी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि ती उंचवट्याआड दिसेनाशी झाली.

जाणकारानं बॉनेट उघडलं. (विजेच्या गाडीचं बॉनेट उघडून काय बघायचं असतं हे मला आजही कळलेलं नाही.) वारा पडलेला. इतकी शांतता की माझाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला. एवढ्यात गाडीतला पडदा आपोआप उजळला आणि आपोआप विझला. आईनं हात जोडले. "माय वो, लेकरू अडाणी हाय, पदरात घ्या." (मी बी.एस्सी. आहे हा मुद्दा त्या वेळी काढला नाही.)

आणि पाण्याच्या बाजूनं त्या वर आल्या.

आधी नुसती डोकी, मग डोक्यावरचे पदर, हिरवे, लाल. उन्हाच्या झळांत पाय दिसतच नव्हते, त्यामुळं त्या चालत होत्या की तरंगत होत्या सांगता येईना. आवाज कसलाच नाही. मी मोजल्या. परत मोजल्या. सात.

पुढचं मला नीट आठवत नाही. आई सांगते, मी चपला काढल्या, चार पावलं पुढं गेलो आणि रस्त्यात सपशेल आडवा पडलो. डोळे गच्च मिटून म्हणालो, "आयांनो, चुकलो. इथून पुढं शंभर टक्के भरीन."

पावलं माझ्याभोवती येऊन थांबली. मानेवर गार पाण्याचे थेंब पडले.

मग आवाज आला, "दाजी, उठा. खडे रुततील."

ती शोभा होती, रेखाची धाकटी बहीण. बाळासाठी आसरांना निवद दाखवायला घरच्या बाया पाण्यावर गेल्या होत्या. थेंब तिच्या हातातल्या तांब्यातले. मी कपडे झटकून वर बघेपर्यंत दोघीतिघी ट्रॅक्टर आणायला गावाकडं निघाल्याही होत्या. रेखाही त्यांच्यासोबत गेली, असं आई म्हणाली.

अशा रीतीनं नव्या गाडीचा जावई दोरखंडानं ट्रॅक्टरला बांधून सासुरवाडीत शिरला.

ओसरीवरच्या प्लगला गाडी लावून मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सर, रोज पूर्ण भरून तशीच उभी ठेवली तर बॅटरी थोडी लवकर थकते, हे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत खरं आहे. पण तुमच्या गाडीची बॅटरी वेगळ्या प्रकारची आहे. हिला अधूनमधून शंभरपर्यंत न्यावंच लागतं. नाहीतर किती उरलंय हे गाडीलाच नीट कळत नाही. आकडा अंदाजानं दाखवते आणि मग एकदम खाली येतो. तुम्ही शेवटची पूर्ण कधी भरली होती?"

मी म्हणालो, रेंज जायलीय.

संध्याकाळी रेखानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाळणा हलला, पंगत बसली. दोन पुरणपोळ्या पोटात गेल्यावर मला जरा धीर आला. मी शोभाला म्हणालो, "तुम्ही सातजणी एकदम वर आलात ना, म्हणून थोडा गोंधळ झाला."

शोभाचा वाढता हात थांबला. "सात? आमी सहाच गेलो व्हतो, दाजी. आमच्यात सातजणी मिळून पाण्यावर जात न्हाईत."

आईनं घास खाली ठेवला. दोनदा मोजल्या होत्या मी. मान वळवून मागं बघायचीही हिंमत होईना.

मागूनच रेखा तुपाची वाटी घेऊन आली. "सातवी मी. उंचवट्यापलीकडं ह्या भेटल्या, तशीच संगं आले. लांबून हात बी केला तुमाला. तुमी आडवे पडलात."

बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्या पाया पडल्याची ही पहिलीच वेळ. तिचं म्हणणं एवढंच, की ओळखून पडला असतात तर जास्त बरं वाटलं असतं.