लाहाने शाकारलेली घरे

धडगावच्या बाजारात आजही सांगितले जाते की, आमच्या पाड्याला सरकारी ताडपत्र्या मिळाल्या नाहीत त्या माझ्या ताठ्यामुळे. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तेथे नव्हता. मी होतो.

आमची टेकडी पूर्वी टेकडीच होती. धरणाचे पाणी चढले आणि तिचे बेट झाले. आश्विनात नर्मदा इतकी निश्चल असते की, नाव पाण्यावरून चालली आहे की आभाळावरून, हे उमगत नाही. तशाच एका निवांत दुपारी वादळ आले. अकरा घरांची छपरे उडाली आणि पाण्यावर उतरून सावकाश तरंगत दूर गेली. कणग्यांत नुकताच भरलेला मका भिजला.

दुसऱ्याच दिवशी लाहा सुरू झाला. लाहा म्हणजे साऱ्यांनी मिळून एकेकाचे काम उरकायचे. मजुरी घ्यायची नाही. तीन दिवसांत सागाच्या हिरव्या पानांनी सारी घरे शाकारून झाली. पाचव्या दिवशी धुक्यातून लाँच आली. तलाठीबाई उतरल्या, त्यांनी वर पाहिले.

“आबा, आठे ते काहीच नुकसान दिसत नही! पंचनाम्यामा मी काय लिखू?”

माझा पुतण्या कानाशी लागला. “काका, चार छपरे उतरवतो. कोण पाहतंय?”

“मी पाहतोय,” मी म्हणालो. शेजाऱ्यांच्या हातांनी बसवलेले पान मी ओढू देणार नव्हतो.

“मग मास्तर, वर्षभर पोरांना तुमचा मान शिजवून वाढू?” माझ्या वहिनी सर्वांदेखत कडाडल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते, हे मी आजही नाकारत नाही.

मी तलाठीबाईंना म्हणालो, “ताई, छपरे राहू द्या. कणगीत हात घाला.”

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. आतून आंबूस, ऊबदार वाफ आली. हात बाहेर आला तेव्हा बांगड्यांना मक्याचे पांढरे कोंब चिकटलेले होते. नंतर अकराही घरांत त्यांनी तसाच हात घातला आणि लिहिले: घरे सुस्थितीत, धान्य पूर्ण नष्ट.

ताडपत्र्या आल्या नाहीत, हे खरे. पोती मात्र आली. लाँच पाण्यात इतकी खोल बसली होती की, लांबून नुसती पोतीच आमच्याकडे चालत येताहेत असे वाटले. आम्ही मका खाणारे, आला तांदूळ. तरी पाडा उपाशी राहिला नाही आणि छपराचे एक पानही उतरले नाही. बाजारातल्या मंडळींनी आपली हकिकत यापुढे एवढी दुरुस्त करून सांगावी.