पडद्यामागच्या बायका

शेवटचं रीळ संपत आलं आणि पडद्यामागून बायकांचा गलका ऐकू आला. मी प्रोजेक्टरपाशी. तिकडचं मला काही दिसेना. मग कुणीतरी एकदम गप्प केल्यासारखं झालं. मला वाटलं, एखादं पोर रडलं असेल.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगरच्या एका संस्थेसाठी आम्ही खेड्यापाड्यांवर छोट्या फिल्म्स काढत होतो. हुंडा, दारू, पाणवठा, असा एकेक विषय. मी कॅमेरामन, आणि फिल्म दाखवायची वेळ आली की ऑपरेटरही मीच. आमचा एक नियम होता. फिल्म ज्या गावात काढली त्या गावाला आधी दाखवायची. त्यांनी हो म्हटलं तरच ती पुढे जायची.

हे गाव नेवाशाच्या अलीकडचं. तिथल्या ताराबाईच्या विहिरीला दुष्काळातही पाणी टिकून होतं. ताराबाई बागायतदाराच्या घरची, तोंडाने फटकळ. तिने विहीर सगळ्यांना मोकळी केली होती. गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीलाही. त्या वस्तीतली मार्थाबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सकाळ-संध्याकाळ तिथे पाण्याला यायची. दोघींचं चांगलं जमलं होतं. फिल्मच्या शेवटी ताराबाई मार्थाबाईच्या हातात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, तांबडी भाकरी ठेवते. विटाळ नको म्हणून जिच्या माणसांना लोक पिढ्यान्‌पिढ्या वरून टाकत आले, तिच्या हातात भाकरी. माझा सगळ्यात आवडता शॉट होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराबाई आमच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. सासू आजारी म्हणून ती आदल्या संध्याकाळी फिल्मला आली नव्हती.

"मार्था पान्याला आली न्हाई. तिची पोरगी बी न्हाई. काय दाखिवलं रं तुमी काल?"

"जे काढलं तेच, ताराबाई."

"मंग ती नदीला कशापायी गेली? घरापासनं कुठं नदी, कुठं माजी हीर!" पदराने नाक पुसून ती म्हणाली, "जा, इचारून या. म्या गेले तर भांडान हुईल."

प्रवरेच्या कोरड्या पात्रात लोक झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरायचे. मार्थाबाई तिथूनच परत येत होती. डोक्यावर घागर, तीही अर्धी. मी वाटेतच गाठलं तिला.

"दादा, ती फिल्लम पुढं धाडू नका," ती म्हणाली.

"का?"

"डाव्या हातानं भाकर दिली तिनं मला. डाव्या हातानं! समद्या बायांनी पाहिलं. भिकाऱ्याला बी कुनी अशी देत न्हाई."

मी चाटच पडलो. तो शॉट मी स्वतः घेतला होता. ताराबाईचा हात उजवाच होता.

"पण तुम्ही समोरच होतात की. तेव्हा नाही दिसलं?"

"तुमीच म्हनला, मशीनकडं बघू नका. मी आपली हिरीत बघत बसले. हाताकडं कोन बघतंय!"

बोलणं खरं होतं. तेवढ्यात मला आदल्या संध्याकाळचं आठवलं. पडद्यामागे एक म्हातारी मोठ्याने म्हणाली होती, "तारानं गुजरनीवानी उजव्या खांद्यावर पदर कसा घेतलाय गं?" आणि बायका हसल्या होत्या. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं.

आमचा पडदा म्हणजे दोन बांबूंना बांधलेलं पातळ पांढरं कापड. पुरुष बसणार समोर आणि बायका मागे, अशीच गावोगावची रीत. कापड पातळ, त्यामुळे मागूनही चित्र स्वच्छ दिसायचं, पण उलटं. उजवं ते डावं. कालपर्यंत कुणाचं काही अडलं नव्हतं. आधीच्या फिल्म्समध्ये देण्याघेण्याचा असा शॉटच नव्हता, मग हाताकडे कोण लक्ष देणार?

मी तिला हे सांगितलं. तिला पटेना. "तुमी तिचीच बाजू घेनार. तिच्याच वट्यावर जेवता न्हवं?"

"बरं, तुम्ही भाकरी कोणत्या हातानं घेतलीत?"

"उजव्या. आन कोन्त्या घेनार?"

"पडद्यावर कोणत्या हातानं घेतलीत?"

तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "माझ्याकडं मी बघितलंच न्हाई."

मी धावतपळत साहेबांकडे गेलो. आमचे डायरेक्टर. शिस्तीचे, मनाने वाईट नाहीत. त्यांना झालेलं सगळं सांगितलं.

"पठारे, प्रिंट बरोबर आहे ना? मग झालं. आज बेलापूरला तारीख दिलीय."

"साहेब, मार्थाबाईने ताराबाईच्या विहिरीचं पाणी तोडलंय."

"ते आपण कसं सोडवणार?"

"आपणच तोडलंय, साहेब. फिल्म माणसं जोडायला काढली ना?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चिडले की ते असंच करत. मग म्हणाले, "आज पुन्हा दाखवा, पण शेवटचं रीळ फक्त. आणि बेलापूरला निरोप तुम्ही धाडा."

अंधार पडल्यावर पडदा पुन्हा बांधला. या वेळी मी बायकांना समोर बसवलं. पुरुषांची कुरकुर झाली. एक पाटील म्हणाले, "आमी मागं बसायचं व्हय?" मी म्हटलं, "एक दिवस बसून बघा, पाटील." मार्थाबाई अगदी कडेला बसली होती. ताराबाई सरळ गेली आणि तिला खेटून बसली.

भाकरीचा शॉट आला. देणारा हात उजवा, घेणारा हातही उजवा. तोच शॉट पाहून मार्थाबाई रडायला लागली. ताराबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"येडे, मला इचारायचं तरी!"

"कसं इचारनार, अक्का? व्हय म्हनली असतीस तर?"

ताराबाईने मार्थाबाईचा हात मांडीवर ओढून घेतला आणि रीळ संपेस्तोवर सोडला नाही. रीळ गुंडाळताना माझेही डोळे भरून आले. प्रोजेक्टरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून मी साहेबांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, किंवा तसं दाखवलं.

मागून उठलेले पाटील जाता जाता मला म्हणाले, "मागनं समदं उलटंच दिसतंय की हो!"

फिल्मला गावाने होकार दिला. साहेबांनी रिपोर्टमध्ये 'तांत्रिक कारणाने दुसरा खेळ' एवढंच लिहिलं. त्यानंतर आम्ही पडदा शाळेच्या भिंतीला लावायला लागलो. आता मागे बसायला जागाच नव्हती, त्यामुळे बायका आपोआप पुढे आल्या. पुढे मी बऱ्याच फिल्म्स काढल्या, त्यातल्या काहींची वाहवाही झाली. पण कौतुक ऐकण्याआधी, सगळ्यात मागे बसलेल्या माणसाला काय दिसलं, ते मी विचारून घ्यायचो. बहुधा काहीतरी वेगळंच दिसलेलं असायचं.