रिकाम्या वाट्यांची साक्ष

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आमच्या खानदेशात लहान पोरीलाही सांगावं लागत नाही. चिमूटभर साखर टाक, चार दाणे तांदूळ टाक, पण टाक. रिकामी दिली म्हणजे तुझंमाझं संपलं. मिलच्या कामासाठी मुलूख सोडून आलो त्या पांडेसऱ्याच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची ती बाई धुळ्याकडचीच, तिनंही हे कधी मोडलं नाही. आणि एका दुपारी तिनं माझ्या तिन्ही वाट्या घासून आणल्या, उंबऱ्यावर पालथ्या ठेवल्या, माझ्या तान्ह्या पोरीच्या गालाला हात लावला अन् गेली. एक शब्द बोलली नाही. विचारायला उठले तर पोर रडायला लागली, मी बसले. दिवस मावळायच्या आत ती घरात मेलेली सापडली.

तिचा नवरा म्हणाला, तिनं फास घेतला. पोलीस म्हणाले गळा दाबलाय, आणि त्याला घेऊन गेले. पोलिसांना मी वाट्यांचंच सांगितलं, त्यांनी तेवढंच लिहिलं.

कोर्टाचं बोलावणं आलं तोवर पोर चालायला लागली होती. मला एकच भ्या होतं, तो सुटला तर ह्याच शेजारच्या खोलीत येणार, आमचे हे बारा-बारा तास मिलमध्ये, आणि मी अन् पोर, मधे एका विटेची भिंत.

सरकारी वकील तिच्या बाजूनं लढणारा, पण गुजराती, मोडकं मराठी बोलायचा. "बेन, ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही. पण मेलेली बाई आपल्या मरणाचं काही बोलून गेली असेल तर ते चालतं. ती काय बोलली ते सांगा. वाट्यांचं राहू द्या."

"बोलली नाही साहेब. पण सांगून गेली सगळं."

"तेच कोर्टाला कसं दाखवू मी?"

मी सातवी नापास. मला वाटलं, तिनं सांगितलंय हे तर खरं, मग त्याला शब्द लावले तर खोटं कसं होईल? पिंजऱ्यात उभी राहिले, तिचा नवरा समोरच बसलेला, आणि मी बोलून गेले, "ती म्हणली, ताई, आज हा मला जिवंत ठेवत नाही. माझ्या आईला मात्र साप चावला म्हणून सांगा."

हा साप माझ्या तोंडात कुठून आला, आजही कळत नाही. वकील शिकवणाऱ्यातला नव्हता, मी घरी ठरवलं नव्हतं. आवाजसुद्धा मला माझा वाटला नाही.

तिच्या नवऱ्याचा वकील उठला. "पोलिसांना हे का नाही सांगितलं? तिथं तर नुसत्या वाट्या आहेत. वाट्या बोलल्या का, बेन? मग उद्या चमचेही आणा साक्षीला." लोक हसले. जजसाहेब हसले नाहीत, त्यांनी मला परत विचारलं, ती खरंच असं बोलली का. मी मान खाली घातली, आणि तेही लिहून घेतलं.

तो सुटला. आठवड्यानं खोलीचं कुलूप उघडलं.

दोन-तीन दिवस भिंतीपलीकडून काहीच आवाज नाही, भांड्याचासुद्धा नाही. मग एका सकाळी मी नळावर, पोर कडेवर, तर तो मागे येऊन उभा. हळूच बोलला, रागात नव्हता, घाबरलेला होता.

"वहिनी, ते सापाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ते ती मला म्हणली होती. शेवटी. दार आतून लावलेलं होतं, आम्ही दोघंच होतो."

हंडा तसाच टाकून मी घरात आले, कडी लावली. आमचे हे पाळीवरून आले तसं सगळं सांगितलं, म्हटलं ही खोली आजच सोडा, नाहीतर कोर्टात चला, तो आपल्या तोंडानं बोललाय. ह्यांनी डबा खाली ठेवला. मग विचारलं, "हे तो खरंच म्हणला, का तुला तसं समजलं?"

मी पिशवी काढली आणि पोरीचे कपडे भरायला लागले.