दिनकरची पाण्याची वही

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ सोडून पिंप भरत होतो. स्क्रीनवर ‘दिनकर’ असं नाव होतं, म्हणून मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, “बोला साहेब, लॉट रिजेक्ट केलात का आज?” पलीकडून शोभावहिनींचा आवाज आला. “भाऊजी, हे गेले. पहाटेच.” त्यानंतर त्या काय म्हणाल्या आणि मी काय म्हणालो, मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा पिंप भरून पाणी ओट्यावर, ओट्यावरून खाली फरशीवर आलं होतं आणि माझे पाय भिजले होते. पहिला विचार मनात आला तो असा की दिनकरने हे पाहिलं असतं तर चार दिवस माझ्याशी बोलला नसता. नळ बंद केला आणि मग तिथेच, ओल्या फरशीवर, बसून रडलो.

आज त्याला चार आठवडे झाले. आमची ओळख नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात झाली, आणि ओळख कसली, भांडणच झालं. तो माल तपासणाऱ्या क्वालिटीत, मी माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचला. ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांना सांगतो, या दोन खात्यांत सासू-सुनेइतकं सख्य असतं. माझी गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा सडपातळ माणूस मोजमापाचा व्हर्निअर हातात घेऊन एकेक बुश, म्हणजे बोटभर लांबीची लोखंडी नळी, मोजतोय. मी म्हणालो, “अहो, सुपरवायझर म्हणाले माल ओके आहे. सही करा.” त्याने मान वर न करता विचारलं, “तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?” मी चिडून ड्रायव्हरला हॉर्न बंद करायला सांगितलं. गाडी दोन तास उशिरा सुटली. त्या लॉटमध्ये सतरा बुश खराब निघाले. ते त्याने मला नेऊन दाखवले, पण त्यात टोमणा नव्हता, फक्त दाखवले. दुपारी कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला आणि डब्यातला ठेचा माझ्या ताटात वाढला. पुढची एकतीस वर्षं आमचं असंच चाललं. मी माल काढायला उतावीळ, तो अडवायला तयार.

डोंगराचा नाद त्याचा. मे महिन्यात कंपनीला शटडाऊन असायचा, लोक बायकामुलांना घेऊन मामाच्या गावाला जायचे, आणि हा पाठीवर सॅक टाकून सातमाळेच्या रांगेत चालायला जायचा. अचल्यापासून चांदवडपर्यंत, किल्ल्यामागून किल्ला, जमेल तितकं डोंगराच्या माथ्यामाथ्याने, पाच-सहा दिवस. ऐन उन्हाळ्यात, कातळ तव्यासारखा तापलेला असताना! मी म्हणायचो, पावसाळ्यात जाऊ, हिरवं असतं, धबधबे असतात. तो म्हणायचा, “पावसाळ्यात काय, कुणालाही पाणी सापडतं.” त्याला बघायचं होतं ते वेगळंच. त्या किल्ल्यांवर जुन्या लोकांनी कातळात टाकी कोरून ठेवली आहेत. त्यांतल्या कुठल्या टाक्यात वैशाखातही पाणी असतं आणि कुठलं फाल्गुनातच आटतं, याची नोंद त्याला हवी होती. त्यासाठी त्याने एक वही केली होती, निळ्या पुठ्ठ्याची, कंपनीच्या इन्स्पेक्शन रजिस्टरसारखी आखलेली. टाकं, महिना, खोली, चव. हो, चवसुद्धा. एका टाक्यापुढे त्याने ‘लोखंडी’ असं लिहिलंय, एकापुढे ‘बेडूक, पण गोड’.

मला त्याने कसं ओढलं ते आता नीट सांगता येणार नाही. बहुतेक बायकोनेच पाठवलं, पोट कमी होईल म्हणून. दिनकरबरोबर चालणं म्हणजे शाळेत पुन्हा नाव घालणं. पहाटे उजाडायच्या आत निघायचं, अकराला सावली सापडेल तिथे आडवं व्हायचं, चारनंतर पुन्हा चालायचं. प्रत्येकाच्या खिशात एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. मी त्याला म्हणायचो, सायन्सचा माणूस तू आणि कांद्यावर विश्वास ठेवतोस? तो म्हणायचा, “ऊन नाही लागलं तर भाकरीबरोबर खाता येतो.” आणि सॅकच्या तळाशी पाण्याची एक बाटली, ठेवणीतली. गाव दिसेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मी पहिल्याच दिवशी लावला. दुसऱ्या दिवशीपासून माझीही ठेवणीतली बाटली त्याच्या सॅकमध्ये गेली.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमचा चौथा दिवस होता. धोडपचा किल्ला मागे पडला होता आणि पुढचं खात्रीचं पाणी दिवसभराच्या चालीवर होतं. मधे डोंगराच्या एका सोंडेवर टाकं आहे असं दिनकरने कुणाकडून तरी ऐकलं होतं. खिंडीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बोरीच्या सावलीत बसली होती. दिनकरने विचारलं, “आजी, वर पाणी आहे का?” ती म्हणाली, “टाकामा शे.” दिनकरने मोठ्याने विचारलं, “किती लांब?” तिला नीट ऐकू येत नसावं. ती हात सोंडेकडे करून म्हणाली, “शे ना. शे.” दिनकर माझ्याकडे वळून म्हणाला, “शे पावलं. शंभर. चल.”

क्वालिटीचा माणूस, त्याने पावलं मोजायला घेतली. शंभर झाली. काही नाही. मी म्हणालो, म्हातारीची पावलं लहान असतील. दोनशे झाली. वाटेला फाटा फुटला, आम्ही उजवीकडे गेलो, ते चुकलं, परत आलो. चारशेनंतर मी मोजणं ऐकायचं सोडलं. माझ्या पिंडऱ्यांत गोळे यायला लागले, डोळ्यांपुढे पिवळं-पिवळं दिसायला लागलं, आणि एका दगडावर मी बसलो तो बसलोच. “दिनकर, मी मेलो तरी वर येणार नाही.” तो उभा राहून सोंडेकडे बघत होता. टाकं तिथेच कुठेतरी असणार, अर्ध्या तासावर. एकटा असता तर गेला असता. त्याने सॅक उतरवली, दोन्ही ठेवणीतल्या बाटल्या काढल्या, एक माझ्या डोक्यावर रिकामी केली, दुसरी मला घोट-घोट पाजली आणि मला धरून खाली गावात आणलं. स्वतः त्यातला एक घोटही प्याला नाही. हे मला तेव्हा कळलंही नाही.

गावातल्या पहिल्याच घरात आम्हाला पाणी मिळालं. त्या घरातला माणूस आमची हकीकत ऐकून मांडीवर थाप मारून हसला. “आमनी भाषामा शे म्हंजे आहे, साहेब. आजी म्हणली पाणी आहे. शंभर-बिंभर काय नाय.” नाशिकपासून दोन-अडीच तासांवरचं ते गाव. जन्म गेला आमचा या जिल्ह्यात आणि एवढी अहिराणी आम्हाला येत नव्हती! मी पोट धरून हसलो. दिनकरही हसला, पण मग वही काढून बसला. त्या टाक्यापुढे त्याने एक गोल काढला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “आजपासून नियम. स्वतः पाहिलेलं असेल तर बरोबरची खूण. ऐकलेलं असेल तर गोल. माझ्या कानावर विसंबून एखादा मरायचा.”

त्यानंतर ‘शे’ हा आमचा शब्द झाला. जेवलास का? शे. मुलीला नोकरी लागली का? शे. वहिनी वैतागायच्या, “काय हे तुमचं कोड्यातलं!” आम्ही दोघं पुढे बरंच चाललो. चांदवडच्या बाजूने उलटे आलो, राहिलेले तुकडे पुरे केले. वहीची झेरॉक्स या ट्रेकरकडून त्या ट्रेकरकडे गेली. दर शुक्रवारी इंदिरानगरच्या त्याच्या घरी फोन यायचे, “काका, अमक्या किल्ल्यावर पाणी आहे का हो?” आणि हा वही उघडून सांगायचा. मधला तो एक टप्पा मात्र तसाच राहिला. जो विचारेल त्याला तो म्हणायचा, “तिथे गोल आहे. तिकडून जाऊ नका.” ते टाकं खरंच भरलेलं असेल तर अख्खी रांग उन्हाळ्यात सलग चालता येणार होती. नसेल तर त्या टप्प्यावर माणूस कोरडा पडणार. एवढा साधा प्रश्न होता. मी त्याला कितीदा म्हणालो, जाऊन ये ना एकटा. तो म्हणायचा, “ते दोघांचं राहिलंय.” मग कधी माझा गुडघा, कधी मुलीचं लग्न, कधी आणखी काही... खरं सांगायचं तर मला त्या सोंडेची भीती बसली होती, आणि ते त्याला माहीत होतं.

मग त्याच्या पोटातलं दुखणं निघालं. जॉगिंग ट्रॅकच्या पाच फेऱ्यांच्या तीन झाल्या, तीनची एक, मग नुसतं बाकावर बसणं. चैत्र संपत आला तेव्हा तो पलंगावरून उठत नव्हता. एक दिवस मला म्हणाला, “तू जाऊन ये. वैशाखात त्या टाक्यात पाणी असतं का, एवढं बघून ये.” मी म्हणालो, “बरा हो, दोघं जाऊ.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी सॅक भरली.

एकसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, खिशात कांदा घालून मी ती सोंड चढलो. आठ वेळा बसलो. डावीकडच्या फाट्याने वर गेलो आणि दहाच्या सुमाराला टाकं दिसलं. तीन पायऱ्या कोरलेल्या, आत कातळाचा एक खांब. मी वाकून पाहिलं. तळाला भेगा पडलेली माती होती, त्यात शेळ्यांच्या लेंड्या आणि वाळलेली पानं. मी आत उतरून मातीत बोट खुपसलं. ओलसुद्धा नव्हती.

डोंगरावर रेंज चांगली असते. मी फोन लावला. वहिनींनी तो त्याच्या कानाला लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने एवढंच ऐकू आलं, “शे?”

आणि मी म्हणालो, “शे.”

“किती?” हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, “गुडघाभर.” “गार?” “एकदम गार.” “पिऊन बघ,” तो म्हणाला. मी त्या कोरड्या टाक्यात उभा राहून माझ्या बाटलीचं झाकण उघडलं आणि त्याला ऐकू जाईल असा मोठा घोट घेतला. पाणी उन्हाने कढत झालं होतं. “गोड आहे रे,” मी म्हणालो. तो हसल्यासारखं वाटलं. मग फोन बंद झाला. नवव्या दिवशी तो गेला.

खोटं बोललो याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मरणाऱ्या माणसाला सुखाचा एक शब्द दिला, असंच वाटलं. पण तेराव्याला शोभावहिनींनी पिशवीतून निळी वही काढून माझ्या हातात दिली. “तुम्हाला द्यायची म्हणाले होते. आता फोन तुम्ही घ्यायचे.”  म्हणजे या वहीत कुठेतरी, दिनकरच्या अक्षरात, माझं खोटं लिहिलेलं असणार. त्याच्यापुढे बरोबरची खूण असणार. आणि त्या खुणेच्या भरवशावर लोक मे महिन्यात ती सोंड चढणार. जन्मभर एक खराब बुश ज्याने पास केला नाही, त्याच्या सहीने मी अख्खा लॉट बाहेर काढला होता. आठवडाभर ती वही कपाटावर पडून होती. मी तिच्याकडे पाहायचंही टाळत होतो.

शेवटी उघडली. पान सापडलं. अक्षर ओळीवरून खाली घसरलेलं, पेन मधेच सुटलेलं. ‘सोंडेवरचं टाकं. वैशाख. गुडघाभर. गार. गोड.’ आणि पुढे, जिथे खूण असायला हवी तिथे, थरथरत काढलेला, टोकं न जुळलेला एक गोल.

ऐकलेलं.

मी तसाच उठून इंदिरानगरला गेलो आणि वहिनींना ते पान दाखवलं. “हे लिहिलं तेव्हा काही म्हणाला का?” वहिनींनी पान वाचलं. “फोन ठेवला आणि लगेच वही मागितली. लिहून झाल्यावर हसत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, ‘काही नाही गं. डिस्पॅचवाला आहे शेवटी.’” त्या हसल्या, मीही हसलो.

वही आता आमच्या फोनशेजारच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली असते, त्याच्या घरी असायची तशीच. त्याच्या गोलाखाली मी माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे, ‘कोरडं. वैशाख.’ आणि पुढे बरोबरची खूण. त्या वहीतली माझ्या हातची ती पहिलीच. मागच्या शुक्रवारी, वहिनींकडून नंबर घेऊन, सिन्नरच्या एका शिक्षिकेचा फोन आला. पाऊस पडायच्या आत चौघी मैत्रिणींना ती रांग करायची होती. “काका, धोडपच्या पुढे त्या सोंडेवर टाकं आहे म्हणतात. पाणी असतं का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “मी पाहिलंय.”