सोळा सेल्फची बोट

कमळाकर विशे बॅटरीला खराब म्हणत नाहीत, ‘उपाशी’ म्हणतात. शहापुरात किन्हवली रस्त्याला त्यांचं छोटं दुकान आहे. सत्तावीस वर्षं ते रिक्षा, ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. गाडी सहसा दारात येत नाही. लोक बॅटरी काढून खांद्यावर आणतात, भरून घेऊन जातात.

देवराम यांची बॅटरी मात्र महिन्यात चौथ्यांदा आली. देवराम धरणाच्या पाण्यावर बोट चालवतात. पलीकडच्या पाड्यावर पहाटे तोडलेली भेंडी बोटीने अलीकडे येते आणि आठ वाजता टेम्पो ती वाशीला नेतो. इंजिनाला हँडल नाही, बॅटरीवरच्या सेल्फशिवाय ते सुरू होत नाही. दोनदा बोट भर पाण्यात अडकली. वल्ही मारत काठाला लागेपर्यंत टेम्पो गेलेला. आणखी एकदा चुकलात तर गाडी इकडे वळणार नाही, असं टेम्पोवाल्याने सांगून टाकलं होतं.

म्हणून चौथ्या वेळी बॅटरीसोबत रखमीबाई आल्या. पाड्यावर सर्वांत जास्त भेंडी त्यांची.

“कमळाकरदादा, तुमी बॅटरी भरता का नुसती पुसून देता?”

“बॅटरीत खोट नाय गो. बोटीत असंल.”

“मग बोट बघायला या की! का पाण्याला भिता?”

ते भीतच होते. पोहता येत नाही, हे त्यांनी नंतर कबूल केलं. तरी दुसऱ्या दिवशी मीटर आणि नट खोलायचे पाने घेऊन ते रखमीबाईंच्या मागोमाग बोटीत चढले.

इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. वायरी ठीक, चार्जिंग चालू. सहा मिनिटांनी, बरोबर मधल्या पाण्यावर, देवराम यांनी इंजिन बंद केलं.

“काय झालं?” कमळाकर यांनी फळी घट्ट धरली.

“काय नाय. खाली गावदेवी हाय.”

जुनं गाव धरणात गेलं, त्यात देवीचं ठाणंही गेलं. तिच्या डोक्यावरून इंजिन धडधडत न्यायचं नाही, असा पाड्याचा नेम आहे. तेवढं अंतर बोट आपल्या वेगाने जाऊ द्यायची, हात जोडायचे, मग पुन्हा सेल्फ.

कमळाकर ताडकन उठले. बोट डोलली.

“जाऊन-येऊन किती फेऱ्या रे दिवसाला?”

“आठ.”

“म्हणजे दर फेरीला काठावर एक, इथं एक, सोळा सेल्फ! अरे, बॅटरी जेवायला बसली का तुमी ताट उचलता!”

“मग इंजिन बंद करायचं नाय?” रखमीबाईंच्या आवाजात भांडण तयार होतं.

“मी असं बोललो का? देवीला राहू दे. जेवण वाढवतो.”

चार दिवस काम चाललं. तेवढे दिवस भेंडी तासभर आधी तोडून वल्ह्यांवर आली. सेल्फसाठी वेगळी, मोठी बॅटरी बसली. दिवा आणि प्रवाशांचं मोबाइल चार्जिंग जुन्या बॅटरीवर गेलं. छपरावर दोन सोलर पॅनेल चढले. इंजिनावरचा लहान डायनामो काढून त्या जागी बॅटरी झपाट्याने भरणारा, टेम्पोला असतो तसा दणकट अल्टरनेटर आला.

पाचव्या सकाळी बोटीत बावीस क्रेट भेंडी होती आणि वल्ही घरी ठेवली होती. कमळाकर यांचाच हट्ट.

मधल्या पाण्यावर इंजिन बंद झालं. सगळ्यांनी हात जोडले. कमळाकर मीटरकडे बघत होते.

“आधी हात जोडा,” रखमीबाई म्हणाल्या.

त्यांनी मीटर दोन तळव्यांत धरून हात जोडले. देवराम यांनी बटण दाबलं. अर्धा सेकंदही लागला नाही. इंजिन असं उसळून सुरू झालं की बोटीत आरोळी उठली.

“परत बंद करून बघू?” देवराम यांना राहवेना.

“टेम्पो गेला ना, तर देवी पण वाचवनार नाय तुला!” रखमीबाई ओरडल्या.

सात एक्कावन्नला बोट काठाला लागली. टेम्पो अजून यायचा होता. तो आला तेव्हा रखमीबाई रचलेल्या क्रेटांवर बसून होत्या.

“आनखी एकदा थांबवलंत,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, “तर आमी या काठावर भेंडी आननार नाय.”

कमळाकर हे ऐकायला तिथे नव्हते. रिकामी बोट घेऊन देवराम यांच्याबरोबर ते परत निघाले होते. मधल्या पाण्यावरचा पुढचा सेल्फ त्यांना मीटरवर बघायचा होता.