भिंतीवर उलटलेली होडी

समुद्राला घाबरून गुणाजीनं मासेमारीचा एकही दिवस बुडवला नाही. जे बुडाले ते मांजर, शिंक आणि पाल यांच्यामुळे. मोबाइलवर तो हवामानाचा अंदाज रोज बघायचा. पण अंदाज आणि पाल यांच्यात मतभेद झाला, की पालीचा शब्द अखेरचा. मालवणच्या किनाऱ्यावर एवढा सावध नाखवा दुसरा नव्हता. एवढ्या कमी मासळीचाही नव्हता.

पावसाळ्यातली बंदी संपली, समुद्राला नारळ देऊन झाला. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात जायची होती. आदल्या सकाळी चहा पिऊन गुणाजी किनाऱ्यावरच्या, जाळी ठेवायच्या मांगरात ती तपासायला गेला. म्हणजे दार लावून जाळ्यांच्या ढिगावर झोपला. डोळे उघडले तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याचीच होडी. रंगासकट. आणि उलटी! वाळू वर, डोलकाठी खाली, माड वटवाघळांसारखे लोंबकळलेले.

तो धावतच घरी आला. "पार्वती, होडी उलाटली गो!"

"वाळूत उभी आसा ती. वाळूत कशी उलाटतली?" बायको म्हणाली.

"भिंतीर उलाटली!"

"भिंतीर होडी घालूक तुमका सांगितला कोणी?"

पण गुणाजीनं निकाल देऊन टाकला: "उद्या दर्यार जावचा नाय." झालं! खलाशी कुरकुरायला लागले. शेजारच्या धोंडूची होडी तयार होती आणि त्याला माणसं हवीच होती. मोसमाच्या पहिल्याच दिवशी माणसं तिकडे गेली, तर गुणाजीकडे होडी उरणार आणि वल्हवायला पार्वती.

जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी पुतणी योगिनी सुट्टीला आली होती. तिनं मांगर पाहिला आणि दारातलं खिळ्याचं भोक दाखवलं. "काका, ह्या भोकातून उजेड येता. बाकी काय नाय."

गुणाजीनं तत्परतेनं भोकात मेण भरलं आणि भिंतीकडे पाहिलं. होडी गायब. तो पुतणीकडे वळला. "बघ! आता तर बुडालीच!"

योगिनीनं कपाळाला हात लावला. मग तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. आत काळा कागद चिकटवला, तळाला बारीक खिळ्यानं भोक पाडलं, उघड्या तोंडावर बटर पेपर ताणून रबर लावलं. बाहेर वाळूवर डब्यासकट काकाच्या डोक्यावर गोधडी टाकली. भोक होडीकडे, कागद डोळ्यांसमोर.

"दिसता?"

"उलटीच आसा," गोधडीतून रडवेला आवाज आला.

"असतलीच. उजेड सरळ जाता, वाकणा नाय. डोलकाठीच्या शेंड्यावरचो उजेड वरून खाली येता, भोकातून तसोच खाली जाता आणि कागदाच्या खालच्या बाजूक पडता. होडीच्या तळाकडचो वर चढता. भोक एकच, म्हणून दोघे थंयच एकमेकांक ओलांडतत."

"मगे भोक मोठा कर. आपापल्या वाटेन जातीत."

"मोठा केला तर सगळा पुसट दिसतला. उलटा ता उलटाच."

गुणाजीनं मान हलवली. वर्गातल्या मागच्या बाकावरचे हलवतात तशी. विज्ञान त्याच्या कानापर्यंत सरळ रेषेत आलं होतं. पुढे भोक नव्हतं. गोधडीतच तो हताशपणे वळला, डबाही वळला, आणि अचानक आतून आनंदाची किंकाळी आली.

"धोंडूची पण उलटी! गो, धोंडू सोता उलटो उभो आसा! पाय आभाळात!"

"तां तर मी मघापासून सांगतंय, की सगळा जगच—"

"जगाचा माका काय करूचा? धोंडूचा दिसला, पुरे."

गोधडी फेकून तो खलाशांकडे गेला आणि उद्या पहाटे निघायचं म्हणून सांगून आला. पार्वतीनं देवापुढे दिवा लावला. योगिनीला वाटलं, आपण शिकवलेलं एकदा तरी कामी आलं.

संध्याकाळी डबा काखेत मारून गुणाजी शेजारी गेला. डोक्यावर घ्यायला गोधडीही नेली होती. "धोंडू, हय ये मेल्या. तुझी होडी बघ जरा ह्यातून."

दुसऱ्या दिवशी गुणाजीची होडी दर्यात गेली. धोंडूची वाळूवरच राहिली. उजेड सरळ जातो, एवढंच सांगायला गुणाजीला वेळ मिळाला नव्हता.