नदीला मी सांगतो

कुरकुंभच्या आमच्या कंपनीत लॅबमध्ये मोबाईल नेता येत नाही. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधून फोन काढला, तर सायलीचे एकामागोमाग मिस्ड कॉल. सायली म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, आप्पांची नात. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी परत फोन लावला. ती म्हणाली, "काका, आप्पा गेले. जेवून आडवे झाले होते... मी घरीच होते. छाती दाबत राहिले, हात भरून आले तरी दाबत राहिले... पण नाही."

आप्पांचं नाव कधी पेपरात आलं नाही. भीमेकाठच्या, शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची ओळख एकाच कामासाठी. कुणाला साप चावला की त्याला मारुतीपुढं आणायचं आणि आप्पांना बोलवायचं. आप्पा त्याला कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचे. पाला कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर विष अंगात भिनलंय, अशी ती परीक्षा. मग तोंडावर पाण्याचे हबके आणि त्यांचा मंत्र. बदल्यात ते कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत. या सगळ्यात एक नियम फार कडक होता. साप चावलेल्या माणसाला नदी ओलांडू द्यायची नाही, पाणी ओलांडलं की विष चढतं. आणि आमचा जवळचा सरकारी दवाखाना नेमका पुलापलीकडं, दौंड तालुक्यात. शिरूरला जायचं तर अंतर दुप्पट. म्हणजे माणूस मारुतीपुढंच राहायचा.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, बीएस्सी केमिस्ट्री. हे मी छाती पुढं काढून सांगतो, कारण माझ्या आधी घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी आप्पांना म्हणायचो, आप्पा, बरेचसे साप बिनविषारीच असतात, तुमच्याकडं बरे होणारे त्यातलेच. आप्पा मिशीत हसायचे. "तुझ्या कंपनीत साप हाईत का? न्हाई ना? मग गप भाकर खा."

सायली मात्र हसण्यावारी नेणारी नव्हती. दौंडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन तिनं अकरावी-बारावी केली. डॉक्टर व्हायचं, ते पुण्यात बोर्ड लावायला नाही, आमच्याच गावात बसायला. त्याचं कारण तिनं एकदाच सांगितलं होतं, मी तिला मोटारसायकलवरून दौंडला सोडायला निघालो होतो तेव्हा. ती सहावीत असताना तिच्या वर्गातल्या एका मुलाला मारुतीपुढं आणलं होतं. शाळेच्या गणवेशात ती गर्दीत उभी होती. आप्पांचा मंत्र चालूच होता आणि तो मुलगा ओट्यावरच गेला. माझ्या पाठीमागून, वाऱ्यात, तिनं एवढंच सांगितलं. घरी यातलं ती कधी बोलली नाही. आप्पांना तर नाहीच.

नीटच्या पहिल्या परीक्षेत तिची जागा थोडक्यात हुकली. त्याच दिवाळीत शिक्रापूरहून एक स्थळ आलं. मुलगा चांगल्या कंपनीत, घर स्वतःचं. तिचे वडील, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणायला लागला, आता किती वर्षं बसायचं पुस्तकं घेऊन? सगळे आप्पांच्या शब्दाची वाट बघत होते. आणि आप्पा काय म्हणायचे? "डॉक्टर व्हायला माझी ना न्हाई. पर ह्या गावात डॉक्टर कशाला पायजे? मी हाय की." घरातले हसायचे. सायली ताट उचलून आत निघून जायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीतच ते घडलं. शेजारचा दिलीप जीप चालवतो. त्याची बायको संगीता जनावरांना घास कापत होती, तिच्या हाताला नाग चावला. नाग सगळ्यांनी बघितला, शंकेला जागाच नव्हती. मी आणि सायली पोचलो तोवर संगीतावहिनीला मारुतीपुढं बसवलेलं होतं आणि आप्पा पाला घेऊन समोर. निम्मं गाव गोळा झालेलं.

सायली गर्दीतून घुसली. "दिलीपकाका, गाडी काढा. इथं एक मिनिट घालवू नका. त्यांच्या पापण्या बघा, मिटायला लागल्यात."

"पापण्या भ्यायल्यानं मिटत्यात," मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं टोमणा मारला, "आधी परीक्षा तर पास हो, मग डॉक्टरीण म्हनू तुला."

"पुलावरनं न्यायची?" एक म्हातारी ओरडली. "मारायची हाय का पोरगी? न्यायचीच तर शिरूरला न्या, तिकडं नदी न्हाई लागत."

"शिरूरपर्यंत त्या टिकणार नाहीत!" सायलीचा आवाज फाटला.

दिलीप नुसता याच्या-त्याच्या तोंडाकडं बघत होता. हातात जीपची किल्ली, पण पाय हलत नव्हते. मी त्याचा दंड धरून ओढलं, तर त्यानं मला झिडकारलं. "तुम्ही शिकल्याली मानसं. हिला काय झालं तर तुम्ही येनार का माझी पोरं सांभाळायला?"

तेव्हा सायलीनं गावाशी बोलणं सोडलं. ती आप्पांच्या शेजारी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, माझं कोण ऐकणार नाही. तुम्ही सांगितलं तर जातील."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांचं लक्ष संगीतावहिनीच्या तोंडाकडं होतं. पाला तोंडातच होता. तिला तो चावता येत नव्हता, गिळता येत नव्हता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. आप्पांनी विचारलं, "संगे, कडू लागतंय का गं?" ती काहीतरी बोलली, पण ते बोलणं नव्हतं, नुसता घोगरा आवाज. आप्पांचा हात थांबला. मंत्र मध्येच तोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आप्पा उठले. "दिलीप, गाडी काढ."

"आप्पा, नदी..."

"नदीला मी सांगतो. मी बसतो म्होरं."

एवढं पुरलं. जी माणसं मघाशी वाट अडवत होती, त्यांनीच वहिनीला उचलून जीपमध्ये घातलं. सायलीनं तिच्या तोंडातला पाला बोटानं काढला, तिला कुशीवर वळवलं आणि सारखी म्हणत राहिली, "काकू, श्वास घ्या. घ्या श्वास. माझ्याकडं बघा." अरुंद पुलावर उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून निम्मा आत शिरलेला. आप्पा खाली उतरले, धोतर सावरत ट्रॅक्टरपुढं उभे राहिले आणि त्या ड्रायव्हरला अशा काही शिव्या दिल्या की त्यानं दोन्ही ट्रॉल्या हळूहळू मागं घेतल्या. आम्ही पलीकडं लागलो तेव्हा वहिनीच्या छातीचं हलणं दिसेनासं झालं होतं.

दवाखान्यात पोचल्या-पोचल्या डॉक्टरांनी तिला रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली, सलाईनमधून सापाच्या विषावरची लस चालू केली. ती वाचली. आज तिचा हात जरा वाकडा वळतो, बाकी ठणठणीत आहे.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आप्पा सायलीला म्हणाले, "त्या पोराच्या टायमाला तू व्हतीस का गं तितं?"

"होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"सहावीत होते, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. तळहात गुडघ्यावर घासत राहिले. "आता बोलत जा," म्हणाले.

शिक्रापूरला निरोप आप्पांनीच दिला. पोरगी परत परीक्षेला बसणार आहे, थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर दुसरीकडं बघा. ते थांबले नाहीत आणि सायली पास झाली. गावात कुणीकुणी आप्पांना डिवचायचं, "आप्पा, मंत्र इसरला व्हय?" "इसरलो. तुला येत आसंल तर तू बस," आप्पा म्हणायचे. पण खरं काम त्यांनी त्यानंतरच केलं. लोकांची नदीची भीती गेली नव्हती, ती एका दिवसात जात नसते. कुणाला साप चावला की दिलीप आधी आप्पांच्या दारात जीप आणायचा. आप्पा पुढं बसले की पेशंट मुकाट्यानं मागं बसायचा. त्यांना गुडघ्यांमुळं जीपमध्ये चढवत नव्हतं, तरी चढायचे.

गेल्या आठवड्यात मी सुट्टीवर होतो, सायलीही आलेली. वरच्या आळीतल्या नानांना बांधावर घोणस चावली. पाय टरारून सुजलेला. दिलीप जीप घेऊन आला, पण नाना खाटेचा खूर सोडेनात. "आप्पा असतं तर गेलो असतो. आता कुनाच्या भरवशावर नदी वलांडू?"

सायलीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही विष, रक्त, किडनी सगळं समजावणार. पण तिनं तोंड मिटलं, जीपचं पुढचं दार उघडलं, थोडी थांबली आणि कुणी आत बसल्यावर लावावं तसं ते हळूच लावलं.

"नाना, आप्पा बसलेत म्होरं. तुम्ही मागं या."

नानांनी त्या सीटकडं बघितलं. हात जोडले आणि मुलाच्या खांद्यावर भार टाकून उठले. आम्ही सगळे मागं दाटीवाटीनं कोंबून बसलो, पुढं कुणी बसलं नाही. पूल आला तसा दिलीपनं सवयीनं वेग कमी केला. तिथं आप्पा काहीतरी पुटपुटायचे, ते होईपर्यंत तो गाडी हळू घ्यायचा.

नानांची नाडी धरून बसलेली सायली मागून म्हणाली, "दिलीपकाका, दाबा गाडी. त्यांचं सांगून झालंय."